उरुस परफॉर्मांते की कायेन टर्बो जीटी? कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी मत हवंय

नेकारकाठ (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा माझ्या मावसभावासाठी काढतोय. दादाची शिरोलीत फौंड्री आहे. २२ वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्याने ती वाढवली आणि तेवढ्या काळात स्वतःसाठी म्हणून काही घेतलं नाही. यंदा पन्नाशी झाली. एका रात्री त्याचा फोन आला, "आता एक गाडी घ्यायची. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर काढायचो तसली."

नव्या गाडीचा विचार त्याने सोडून दिलाय. लॅम्बोर्गिनीची नवी उरुस एसई २०२४ मध्ये भारतात आली ती ४.५७ कोटी एक्स-शोरूमला, आणि महाराष्ट्रात वाहन कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. म्हणून वापरलेल्या बघतोय. त्यातल्या दोन त्याच्या मनात भरल्यात: मुंबईतली २०२३ ची लॅम्बोर्गिनी उरुस परफॉर्मांते आणि बेंगळुरूची २०२२ ची पोर्शे कायेन टर्बो जीटी.

मी गेली ११ वर्षं श्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्गला राहतो, ब्रेकच्या नियंत्रणावर काम करतो. या दोन्ही गाड्या एकेक दिवस चालवायला मिळाल्या आहेत, त्यामुळे दादाने मलाच पंच केलंय. पण मी चालवल्या त्या युरोपातल्या रस्त्यांवर, म्हणून तुम्हाला विचारतोय.

कागदावर बघाल तर दोन्ही एकाच घरातल्या. फोक्सवॅगन समूहाचा एमएलबी इव्हो हा पाया दोघींना सामाईक. कायेन स्लोव्हाकियात ब्रातिस्लावाला तयार होते. उरुस मात्र जोडली जाते ती इटलीत सांतागाता बोलोन्येजेला. इंजिन एकाच घराण्याचं, ३,९९६ सीसीचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं. दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेले, त्यामुळे एक्झॉस्टचा वायू टर्बोपर्यंत चटकन पोचतो आणि पाय दाबल्यावर वाट बघावी लागत नाही. टॉर्क दोघींचा ८५० न्यूटन मीटर. उरुसची ताकद ६६६ पीएस (अश्वशक्ती), कायेनची ६४०. शून्य ते शंभर दोघी ३.३ सेकंदांत. कमाल वेग उरुसचा ३०६, कायेनचा ३००. वजन २,१५० आणि २,२२० किलो. ८ गिअरचा ऑटोमॅटिक, मागची चाकं वळवणारी यंत्रणा, ब्रेकच्या ४४० मिमीच्या पुढच्या सिरॅमिक डिस्क, सगळं दोन्हीकडे.

चालवायला बसलं की मात्र या बहिणी वाटतच नाहीत.

कायेन मी बी-५०० वर चालवली, बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटला श्वार्झवाल्डच्या माथ्यावरून जाणारा रस्ता. सप्टेंबरची सकाळ होती, म्युमेलझे तळ्यापुढे धुकं आणि रस्त्यावर ओली पानं. पहिल्या तीन वळणांत लक्षात आलं की ही गाडी बोलते. पुढच्या डाव्या चाकाखाली पान आलं तर ते स्टिअरिंगवरच्या बोटांना कळतं. पोर्शेने हिच्या पुढच्या चाकांचा आतला कल वाढवलाय आणि एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, १५ टक्क्यांपर्यंत कडक केलंय. २,२२० किलोची गाडी वळणात शिरताना नाक खाली टाकत नाही, बाहेरच्या बाजूला झुकत नाही. जिथे बघाल तिथे जाते. मी उतरलो तेव्हा खांदे अगदी सैल होते.

उरुस चालवली ती बोलोन्याहून फ्लोरेन्सला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, रातिकोझा आणि फुता या खिंडींतून. पूर्वी मिल्ले मिल्याची शर्यत इथूनच जायची. लाल झाकण उचलून खालचं बटण दाबलं की मागे आक्रापोविच कंपनीचा टायटॅनियमचा एक्झॉस्ट जागा होतो आणि गल्लीतली माणसं वळून बघतात. तिच्या मधोमध पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं टॉर्सन डिफरन्शियल आहे, निव्वळ गिअरचं, यांत्रिक. कायेनमध्ये ताकद मुळात मागच्या चाकांना जाते आणि पुढच्यांना क्लचमार्फत गरजेपुरती मिळते. या फरकाचा पायाला पत्ता लागतो. वळणाच्या मध्यावर उरुसला थोडा जास्त पाय दिला की ती मागून हळूच फिरते, परत सावरते, आणि प्रत्येक वेळी छातीत धडधड होते. फुताच्या माथ्यावर उतरलो तेव्हा तळहात घामाने ओले होते.

मला विचाराल तर कायेन. दादाचा जीव उरुसमध्ये. तुम्ही काय म्हणता?

कृष्णेचं_पाणी

वा, काय लिहिलंय! शंका अशी की आमच्याकडे उरूस म्हणजे पिराचा उरूस. पाळणे, बत्तासे, कुस्त्या. गाडीला हे नाव कुठून आलं?

नेकारकाठ

@कृष्णेचं_पाणी, ते नाव रानबैलाचं. युरोपात पूर्वी ऑरॉक्स नावाचे प्रचंड रानबैल होते, त्यांचंच दुसरं नाव उरुस. लॅम्बोर्गिनीच्या बोधचिन्हात बैल आहे आणि नावंही बहुतेक बैलांशी नातं सांगणारी असतात. बाकी, तिच्या आधी त्यांनी १९८६ मध्ये एलएम००२ काढली होती. काऊंटाशचं व्ही१२ इंजिन घातलेली चौकोनी, धिप्पाड गाडी, जेमतेम ३०० बनल्या. तिचा फोटो दादाच्या वहीत होता.

व्ही८_वेडी

मी उरुसच्या बाजूने. धागाकर्त्यांनी फार मनापासून लिहिलंय, पण उरुसला नुसती आवाजाची गाडी समजू नका. २०२२ मध्ये याच परफॉर्मांतेने अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर एसयूव्हीचा विक्रम केला. १०:३२.०६४. आधीचा बेंटलीच्या बेंटायगाचा १०:४९.९०२ होता. तो घाट २० किलोमीटरचा, १५६ वळणांचा. सुरुवातच २,८६२ मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजारेक मीटर उंच, आणि शेवट ४,३०२ मीटरवर. तिथे हवा इतकी विरळ की साध्या इंजिनाची तिसऱ्या हिश्शाहून अधिक मस्ती उतरते. टर्बो ती हवा दाबून आत घेतो म्हणून गाडी श्वास राखते. असल्या घाटात जी टिकली तिला गगनबावड्याचं काय?

आवाजाबद्दलही सांगते. ज्याने २२ वर्षं भट्टीचा आवाज ऐकलाय त्याला गाडीचा आवाज महत्त्वाचा वाटला तर त्यात वावगं काय आहे?

नेकारकाठ

ताई, काहीच वावगं नाही. फक्त दुसऱ्या पारड्यातलंही सांगतो. जून २०२१ मध्ये कायेन टर्बो जीटीने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची २०.८३२ किमीची नॉर्डश्लाइफे ७:३८.९२५ मध्ये पुरी केली. सरासरी १६३ च्या वर. अटल सेतू त्याहून एखादाच किलोमीटर लांब आहे, आणि तिथे १०० च्या मर्यादेत १३ मिनिटं लागतात, तेही सरळ रस्त्यावर. नॉर्डश्लाइफेवर ७० हून अधिक वळणं आहेत.

घाटवळण

दोन्ही विक्रम मान्य. आता जरा कोल्हापुरात येऊ.

मी आठवड्यातून दोनदा करूळ घाट उतरतो, माझी गाडी यांच्या पासंगालाही नाही. पण रस्ता तोच आहे, त्यामुळे बोलतो. परफॉर्मांतेची एक गोष्ट धाग्यात सुटली. तिला एअर सस्पेन्शन नाही. साध्या उरुसला आहे. परफॉर्मांतेला लोखंडी स्प्रिंग घातल्यात आणि गाडी २० मिमी खाली बसवलीय. वजन ४७ किलोने कमी झालं त्यात या बदलांचाही हात आहे, वळणात धारही त्यानेच आली. पण उंची कायमची ठरून गेली. बटण दाबून उचलता येत नाही.

आपल्याकडे गतिरोधक कुणाच्या मापाने बांधतात? शाळेसमोर एक, देवळासमोर एक, सरपंचाच्या दारात एक. काही इतके उभट की आमची साधी हॅचबॅकही तिरकी घ्यावी लागते. त्यावर पुणे-कोल्हापूर रस्त्याच्या रुंदीकरणातली वळणरस्त्यांची डांबर-खडी. एअर सस्पेन्शनची गाडी तिथे उचलून घेता येते. साधी उरुस १५८ पासून २४८ मिमीपर्यंत वर येते. हा ९० मिमीचा फरक म्हणजे चार बोटं. आपल्या रस्त्यावर ही चार बोटं २६ पीएसपेक्षा मोलाची आहेत.

कायेनचं एअर सस्पेन्शन तीन कप्प्यांचं आहे. ती टर्बो कूपे या उतरत्या छताच्या कायेनपेक्षा १७ मिमी खाली असली तरी उचलता येते. त्यामुळे या दोघींमध्येच निवडायचं असेल तर माझं मत कायेनला. आणि दादांचा जीव उरुसमध्येच असेल तर त्यांनी उरुस एस शोधावी. तीच ६६६ पीएस, एअर सस्पेन्शन, शून्य ते शंभर ३.५ सेकंद. ०.२ सेकंदांसाठी कुणी रडत नाही.

पाना_स्क्रू

घाटवळण यांच्या प्रतिसादाला +१००. मी पुण्यात महागड्या गाड्यांच्या दुरुस्तीत १६ वर्षं आहे, म्हणून वापरलेली गाडी बघताना काय बघायचं ते सांगतो. एवढं वाचल्याशिवाय दादांनी टोकन देऊ नये.

सिरॅमिक डिस्क. लोखंडी डिस्क झिजली की पातळ होते, कॅलिपर लावून मोजता येते. सिरॅमिकची जाडी वर्षानुवर्षं जवळपास तशीच दिसते. ती आतून जळते. उष्णतेने तिच्यातला कार्बनचा धागा कमी होत जातो आणि डिस्क हलकी होते. म्हणून ती मोजायची नाही, तोलायची. डिस्कच्या मधल्या भागावर किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं. डिस्क काढा, काट्यावर ठेवा, दोन आकडे शेजारी लिहा. विकणारा "ब्रेक एकदम नवे" म्हणाला तर त्याला नम्रपणे एवढंच सांगा की काट्यावर बघू.

डिस्कच्या कडेवरून बोट फिरवा. चाक काढताना नीट धरलं नाही तर चाकाची कडा डिस्कवर आपटते आणि टवका उडतो. आम्ही चाक काढताना आधी एक बोल्ट काढून तिथे लांब मार्गदर्शक पिन लावतो, मग चाक त्या पिनेवरून सरळ बाहेर येतं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ही पिन नसते. मोठा टवका दिसला तर डिस्क बदलायची, आणि पुढची जोडी बदलण्याच्या खर्चात एक बरी हॅचबॅक येते.

एअर सस्पेन्शन असलेली गाडी असेल तर संध्याकाळी सपाट जागी उभी करा, चारही चाकांच्या कमानींची उंची टेपने मोजा, सकाळी परत मोजा. एक कोपरा बसला असेल तर तिथे गळती आहे.

आणि बेंगळुरूच्या गाडीला एनओसी लागेल, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल. तिकडचा उरलेला कर परत मागता येतो, पण त्याचा पाठपुरावा करावा लागतो. किमतीत हे धरा.

चार_कडी

तिसरी बहीण विसरलात! आउडी आरएस क्यू८ परफॉर्मन्स. पाया तोच, इंजिनही त्याच घराण्यातलं, ६४० पीएस. कायेनचा नॉर्डश्लाइफेचा विक्रम तिनेच २०२४ मध्ये मोडला, ७:३६.६९८. आणि भारतात नवी कोरी २.४९ कोटीला आली. मागे तिघं बसतात, एअर सस्पेन्शन आहे. वापरलेल्याच्या भानगडीत पडायचंच कशाला?

व्ही८_वेडी

@चार_कडी, व्यवहार म्हणून तुमचं शंभर टक्के बरोबर. पण वहीच्या मागच्या पानावर आरएस क्यू८ नव्हती.

ओला_रस्ता

पावसाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे असं मला वाटतं.

टर्बो जीटी कारखान्यातून पिरेली पी झीरो कोर्सा टायरवर येते. २२ इंची, पुढे २८५, मागे ३१५ रुंद. कोरड्या रस्त्यावर हे टायर चिकटून धरतात. पण त्यांची नक्षी उथळ आहे, पाणी बाहेर टाकायला खाचा कमी. रुंद टायर आणि साचलेलं पाणी हे वैर जुनं आहे: टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि ते जमलं नाही की गाडी पाण्यावर चढते. तेव्हा चार चाकांना ताकद असून उपयोग नाही, कारण चारही चाकं रस्त्याला लागलेलीच नसतात.

माझ्या मित्राच्या गाडीत, नाव घेत नाही, जुलैमध्ये मी शेजारी बसलो होतो. द्रुतगती मार्गावर रुंद टायरची ताकदवान एसयूव्ही, वेग ९० च्या आतच. एका खोलगट जागी पाणी होतं. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मित्राच्या हातात जणू काही उरलंच नाही. त्याने ब्रेक मारला नाही, पाय उचलला आणि हात सरळ ठेवले, म्हणून आज हे लिहितोय. ते दीड-दोन सेकंद मला अजून रात्री आठवतात.

कोल्हापूर-गगनबावडा-आंबोली पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. दादांनी कुठलीही गाडी घ्यावी, पण पावसाळ्यासाठी चांगल्या नक्षीचे दुसरे टायर पहिल्या दिवशीच घ्यावेत. बाराही महिने कोर्सावर फिरू नये. आणि असल्या गाडीचा वेग बघायचा असेल तर चेन्नई, कोइंबतूर, ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. घाटात समोरून एसटी येते, तिच्यात आपलीच माणसं असतात.

नेकारकाठ

@ओला_रस्ता, मनापासून आभार. मी ब्रेकवर काम करतो आणि टायरचा मुद्दा मीच लिहायला हवा होता. माझ्या त्या श्वार्झवाल्डच्या सकाळी पानं ओली होती, पण रस्त्यावर पाणी साचलेलं नव्हतं. तेवढ्यावरून मी कायेनला पावसाची गाडी मानून बसलो होतो.

घाटवळण, स्प्रिंगचा मुद्दाही तितकाच मोठा. फुताच्या रस्त्यावर मला परफॉर्मांतेच्या स्प्रिंग आवडल्या, कारण तिथे एकही गतिरोधक नव्हता. दादालाच या धाग्यावर यायला सांगितलंय.

शिरोलीकर

नमस्कार सगळ्यांना. मीच तो दादा. धागा दोनदा वाचला, हिला आणि बाबांनाही वाचून दाखवला. एवढी माणसं माझ्या गाडीचा विचार करतायत हे बघून भरून आलं.

गेल्या पंधरा दिवसांत काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा मुंबईची परफॉर्मांते बघितली. गाडीचं नाक, पुढच्या चाकापर्यंतचं अंतर, दोन चाकांमधलं अंतर, पोटाखालची उंची, सगळं मोजून आणलं. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचे साचे बनतात, तिथल्या मिस्त्रींना मापं दिली. त्यांनी एका दिवसात १८ मिमी प्लायवूडचा गाडीच्या खालच्या बाजूचा आकार कापला, चाकांच्या जागी खरंच फिरणारी दोन चाकं लावली. तो साचा घेऊन आम्ही घराच्या पार्किंगच्या उतारावर गेलो. खाली जाताना नाक घासलं, वर येताना मधलं पोट टेकलं. मग टेम्पोत टाकून राधानगरी रोडच्या चार गतिरोधकांवर नेला. एकावर सुटला, तिघांवर टेकला. लोक गोळा झाले, एका आजींनी विचारलं, कसली मिरवणूक आहे.

उतार मी तीन दिवसांत फोडून नवा घालीन, काँक्रीट ओतायचं काम आम्हाला नवं नाही. गतिरोधक माझे नाहीत.

नंतर बेंगळुरूला गेलो. पाना_स्क्रू, तुम्ही सांगितलंत तसं डिस्क काढून काट्यावर ठेवायला लावल्या. विकणारे सज्जन होते, स्वतः उभे राहिले. वजन भरलं. गाडी उत्तम आहे. चालवलीही, आणि भावाने लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, स्टिअरिंग खरंच बोलतं. बाबा बरोबर होते. त्यांचा गुडघा बदललेला आहे. मागे बसताना कूपेच्या उतरत्या छताला त्यांचं डोकं लागलं, आणि मागे जागा दोघांचीच. आम्ही घरात पाच जण. बाबा काही बोलले नाहीत, उतरून टोपी नीट केली आणि म्हणाले, "तू चालव, मी आपल्या इनोव्हाने मागून येतो."

ते ऐकल्यावर मी ती गाडी मनातून काढली.

घाटवळण

दादा, हा प्रतिसाद वाचून मी आत जाऊन पाणी पिऊन आलो. उरुस एस बघा. मागे तीन जणांची सीट मिळते, छतही त्या मानाने सरळ आहे.

पाना_स्क्रू

उरुस एस मिळाली तर मला कळवा, रात्रभर उभी करून उंची मी स्वतः मोजतो. पैसे नकोत. तो साचा मात्र बघायचाय.

नेकारकाठ

दादा, मी कायेनचा हट्ट सोडला. ज्या गाडीत मावशी आणि काका बसणार नाहीत ती मला तुझ्या दारात बघायची नाही.

शिरोलीकर

ठरलं. उरुस एसच शोधतोय, मागे तीन सीटवाली. पुण्यात एक आहे असं कळलंय, रविवारी बाबांना घेऊन जातो. आधी ते बसतील, मग मी.

पाना_स्क्रू दादा, साचा मोडला नाही. एअर सस्पेन्शन वर घेतल्यावरची उंची धरून मिस्त्रींनी त्याची चाकं खाली सरकवली, आणि काल संध्याकाळी तो चारही गतिरोधकांवरून न टेकता गेला. आता पॅटर्न शॉपमध्ये खुंटीला टांगलाय. दुपारच्या सुट्टीत पोरांनी त्यावर खडूने बैल काढून ठेवलाय.